बदली झाली, चौकशीचे काय?

घोडेगाव, प्रतिनिधी :
ठाणेदाराची उचलबांगडी झाली, की गावोगावी प्रश्न सुटल्याची भावना पसरते. मोर्चा मागे घेतला जातो, नव्या साहेबांचा सत्कार होतो. ज्या तक्रारीवरून हे सारे घडले, तिचे पुढे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत हा प्रश्न अधिक बोचतो. बदली ही शिक्षा नव्हे. अधिकारी दोषी असेल, तर तो दोषासकट दुसऱ्या ठाण्यात रुजू होतो.

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलिस सुधारणांचे आदेश दिले. ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, हा त्यांपैकी एक. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलिस कायद्यात तशी दुरुस्ती केली. पण 'लोकहित' आणि 'प्रशासकीय निकड' या शब्दांची पळवाटही ठेवली. त्यामुळे पुढाऱ्यांना नकोसा झालेला प्रामाणिक निरीक्षक आणि तक्रारींनी घेरलेला निरीक्षक एकाच वाटेने जाऊ शकतात. आदेशाच्या कागदावरून दोघांतला फरक कळत नाही.

त्याच दुरुस्तीने तक्रार प्राधिकरणे आणली. उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांसाठी राज्य पातळीवर, तर निरीक्षक व त्याखालील कर्मचाऱ्यांसाठी विभागीय पातळीवर. कोठडीतील मारहाण, बेकायदा अटक, खंडणी हे विषय त्यांच्या कक्षेत येतात. परंतु आहुप्याच्या आदिवासी शेतकऱ्याला घोडेगाव गाठतानाच दिवस मोडावा लागतो. पुण्याची पायरी तो कधी चढणार?

त्याची पहिली अडचण तर ठाण्याच्या टेबलावरच असते. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार 'अदखलपात्र' म्हणून नोंदवून पोच हाती दिली, की गुन्ह्यांचा आलेख आपोआप खाली येतो! दखलपात्र गुन्हा नोंदवणे बंधनकारक असल्याचा निर्वाळा ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच मिळाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, ठाण्याने नकार दिल्यास तक्रार लेखी स्वरूपात टपालाने थेट पोलिस अधीक्षकांकडे पाठवता येते. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

जबाबदारीचा खरा हिशेब येथे मागायला हवा. अशा किती तक्रारी अधीक्षकांकडे आल्या, कितींत गुन्हा दाखल झाला, बदली झालेल्या कितीजणांची विभागीय चौकशी पूर्ण झाली, याचा ठाणेनिहाय तपशील दर तिमाहीस जाहीर करण्यास नव्या कायद्याची गरज नाही. ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रीकरण अठरा महिने, तशी सोय नसल्यास किमान वर्षभर जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. तेव्हा घटनेची तारीख आणि वेळ नमूद करून चित्रीकरण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज तक्रारदाराने लगेच द्यावा. नव्या साहेबांच्या सत्काराची वाट पाहू नये.