अन्न नाकारणारे खलाशी

सह्याद्रीच्या आड वसलेल्या आळेफाट्यासारख्या बाजारगावातील तरुणास युद्धनौकेचा परिचय घडतो तो बहुधा पडद्यावरूनच. ‘अंडर सीज’ (१९९२) या चित्रपटात एक टोळी ‘मिसूरी’ ही अमेरिकन युद्धनौका बळकावते. टोळीचा डोळा असतो क्षेपणास्त्रांवर, आणि तिचे पारिपत्य करतो नौकेवरचा आचारी. करमणूक म्हणून यास आक्षेप नाही. परंतु युद्धनौकेचा ताबा घेणारा तो खलपुरुषच, हे समीकरण मनात रुजते आणि ते इतिहासास धरून नाही.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर संप झाला, त्याचे निमित्त निकृष्ट अन्नाचे. पाहता पाहता मुंबईपासून कराचीपर्यंत सुमारे ७८ जहाजे व २०,००० खलाशी त्यात सामील झाले. ब्रिटिश नाविकांइतके वेतन, बरे अन्न, सन्मानाची वागणूक आणि आझाद हिंद सैनिकांची मुक्तता, या त्यांच्या मागण्या होत्या. गिरणी कामगार पाठीशी उभे राहिले. मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २३ फेब्रुवारीस खलाशी शरण आले. बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलातही परत घेतले गेले नाही.

वेतन, शिधा आणि सन्मान यांत भेदभाव झाला की हुकमाचे मोल उरत नाही, हा यातील आर्थिक बोध होय. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या कुटुंबांना तो समजावून सांगावा लागणार नाही. त्यांच्या मुलांना पडद्यावरील आचारी ठाऊक आहे. मुंबई बंदरात अन्न नाकारणारा खलाशी ठाऊक करून देणे हे शाळा-महाविद्यालयांचे कर्तव्य आहे.