मास्कआडचे ओठ
कमी ऐकू येणाऱ्या माणसाला बरंचसं बोलणं ओठांवरून कळतं, आणि दातांच्या दवाखान्यात नेमके ओठच मास्कआड असतात. आईचे दात साफ करणाऱ्या हायजिनिस्ट ताईंनी आधी मशीन बंद केलं, स्टूल समोर ओढलं, मास्क उतरवला. “आजी, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन.” लहान मुलांसाठी अ‍ॅडल्स्टन यांनी १९५९ साली मांडलेली ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीतही अशीच: फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर, मग दातावर. आपल्याकडे १९४८च्या दंतवैद्यकीय कायद्यातच हायजिनिस्टच्या व्यवसायाची नोंद झाली, तरी अजून बरेच जण त्यांना नुसत्या मदतनीस समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. आईने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मशीन थांबलं.