फरश्या चकाचक, हवा जुनीच

2020च्या उन्हाळ्यात नांदेडचे कोरोना चाचणीचे स्वॅब अडीचशे किलोमीटरांपलीकडे औरंगाबादला पाठवावे लागत होते आणि अहवालाची वाट पाहत अख्खा जिल्हा ताटकळत होता. मग स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रयोगशाळा उभी राहिली, नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही चाचण्या होऊ लागल्या. एरवी जे काम फायलींतून वर्षानुवर्षे फिरले असते, ते साथीच्या धाकाने झाले. तेव्हा कळायला हवे होते की यंत्र विकत मिळते. ते चालेल अशी खोली मात्र विचार करून घडवावी लागते.

जुनी प्रयोगशाळा कशी असते, हे मराठवाड्यात विज्ञान शिकलेल्यांना सांगायला नको. कडप्प्याचे ओटे, लाकडी कपाटे, सताड उघड्या खिडक्या आणि डोक्यावर गरगरणारे पंखे. नूतनीकरण निघाले की ओट्यांवर ग्रॅनाइट चढतो, जमिनीवर चकचकीत फरशी बसते, छताला पीओपी लागते. पंखा तिथेच राहतो. खरी गोची त्या पंख्यातच आहे. जैवसुरक्षा कॅबिनेटच्या तोंडाशी हवेचा जो पडदा असतो, त्याचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. पंख्याच्या झोतापुढे तो टिकत नाही. आतले जंतू बाहेर येतात, बाहेरची धूळ आत जाते. लाखोंच्या कॅबिनेटवर दीड-दोन हजारांचा पंखा पाणी फिरवतो!

पीसीआरचे काम याहून नाजूक. तीस आवर्तनांत डीएनएच्या एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. नळीचे झाकण उघडताना त्यातला अदृश्य तुषार शेजारच्या नमुन्यात गेला, की धडधाकट माणूस कागदावर रोगी ठरतो. म्हणून रसायने मिसळायची खोली वेगळी, नमुने हाताळायची वेगळी आणि प्रती वाढवायची वेगळी. कामाची वाट एकाच दिशेची, उलटे यायचे तर अंगातला कोट बदलून. एक ऐसपैस हॉल आणि त्यात सगळीकडे तीच हवा फिरवणारे एसी, ही मांडणी उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभते, कामाला येत नाही. आपल्याकडे भिंत पाडली की सुधारणा झाली असे वाटते. इथे भिंती वाढवाव्या लागतात.

पाण्याचे तर लातूरकरांना कोणी काय सांगावे? 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातुरात आली, तेव्हा देशाने हे शहर पाहिले. प्रयोगशाळेला लागणारे शुद्ध पाणी आरओतून काढताना बरेचसे पाणी सांडपाण्याच्या नळीतून वाहून जाते. ते साठवून स्वच्छतागृहांना किंवा झाडांना देणारी वेगळी पाइपलाइन आराखड्यातच हवी; फरशी बसल्यावर ती सुचून उपयोग नाही. विजेचेही तेच. उणे 80 अंशांचा फ्रीजर आत थंडी राखतो ती खोलीत उष्णता ओकून, आणि नांदेडच्या मे महिन्यात बाहेर पारा त्रेचाळिशीच्या पुढेही जातो. जनरेटर फ्रीजरला जोडला आणि त्या खोलीच्या एसीला नाही, तर वर्षानुवर्षे जपलेले नमुने एका दुपारी हातचे जाऊ शकतात. आणि 30 सप्टेंबर 1993चा भूकंप ज्याने पाहिला त्या लातूर जिल्ह्यात गॅसचे सिलिंडर साखळीविना भिंतीला टेकवून ठेवणे हा तर निव्वळ निष्काळजीपणा.

हे सारे ठाऊक असलेली माणसे संस्थांत आहेत. पण यंत्रांना पैसा कोटींत मिळतो, किरकोळ बांधकामाला लाखांत. सार्वजनिक बांधकाम विभागाची स्थापत्य शाखा वेगळी, विद्युत शाखा वेगळी. यंत्रखरेदीची निविदा तिसरीकडे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुखांना आणि रोज ओट्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञांना खोली दिसते ती किल्ली हातात पडल्यावर. डॉक्टर घडवण्याचा ‘लातूर पॅटर्न’ देशभर गाजवणाऱ्या भागात संशोधनाच्या खोलीचा मात्र कसलाच पॅटर्न नाही.

विषय तर दाराशी आहेत. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यातील सिकलसेल, नांदेड जिल्ह्यातील फ्लोरोसिस, शेतशिवारातील सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा. यांचा अभ्यास मुंबई-पुण्याने करावा आणि आपण नमुने पाठवत राहावे, हे 2020नंतर तरी शोभत नाही.

तेव्हा कुलगुरू आणि अधिष्ठात्यांनी दोनच गोष्टींवर अडून बसावे. ज्या नकाशावर हवेची दिशा दाखवलेली नाही आणि प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाची सही नाही, त्याला मान्यता देऊ नये. आणि काम ताब्यात घेताना फीत कापण्याआधी नमुने हाताळायच्या खोलीत आणि कॅबिनेटमध्ये थोडा धूर सोडून तो कुठे जातो ते पाहावे. तो कॅबिनेटमधून किंवा दाराखालून बाहेर, व्हरांड्यात आला, तर कंत्राटदाराचे अंतिम बिल रोखावे.