समितीने ऐकून घेतले, आता उत्तरही द्यावे

वक्फ दुरुस्ती विधेयकावर संयुक्त संसदीय समितीकडे ९७ लाखांहून अधिक निवेदने गेली. त्यात आपल्या वऱ्हाडातलीही होती. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या पठाण चौकापासून अकोल्याच्या अकोट फैलपर्यंत क्यूआर कोड मोबाईलवर फिरत होता. स्कॅन करा, पाठवा, पुढे ढकला. मुदत होती पंधरा दिवसांची. ज्यांनी निवेदन पाठवले त्यांपैकी कुणालाही आज विचारा, तुमच्या मुद्द्याचे पुढे काय झाले? सांगता येणार नाही. त्यांना कुणी कळवलेलेच नाही.

कायदा चांगला की वाईट, यावर भरपूर लिहून झाले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ती समिती नावाच्या यंत्रणेबद्दल आहे. ही यंत्रणा मोडकी राहिली तर आज वक्फ, उद्या कपाशी-सोयाबीन, परवा आणखी काही.

संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ मध्ये आल्या. तेव्हा त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. सभागृहात भाषणे होतात, समितीत काम व्हावे, हा हेतू. पण विधेयक समितीकडे पाठवायचेच असा नियम नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. २०२० चे तीन कृषी कायदे कुठल्याही समितीकडे न जाता मंजूर झाले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. जे समितीच्या खोलीत ऐकायचे होते ते रस्त्यावर ऐकावे लागले. म्हणजे हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही.

वक्फ विधेयक निदान समितीकडे गेले. तिथे काय झाले? २४ जानेवारी २०२५ रोजी विरोधी पक्षांचे दहा सदस्य दिवसभरासाठी निलंबित झाले. २७ तारखेला सत्ताधारी आघाडीच्या १४ दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या आणि विरोधकांच्या ४४ फेटाळल्या गेल्या. २९ तारखेला अहवाल १५ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. साडेसहाशेहून अधिक पानांचा मसुदा आदल्या संध्याकाळी हाती आला, असा विरोधी सदस्यांचा आक्षेप होता. गोंधळ विरोधकांनी घातला, असे सत्ताधारी म्हणतात. खरे काय ते आपण ठरवू शकत नाही, कारण बैठका बंद दाराआड झाल्या. दार उघडे असते तर गोंधळ कोण घालतो हे देशाने पाहिले असते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की समितीमुळे काही बदल झाले. वादग्रस्त जमिनीची चौकशी जिल्हाधिकाऱ्याऐवजी त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेली. पण मूळ आक्षेप अधिकाऱ्याच्या दर्जाचा नव्हताच. जमीन सरकारी आहे की वक्फची, हे सरकारचाच माणूस कसा ठरवणार, हा होता. समितीने हुद्दा बदलला, प्रश्न तसाच ठेवला. पुढे १५ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचेच सुपुत्र, यांच्या खंडपीठाने ज्या भागांना अंतरिम स्थगिती दिली, त्यात नेमका हा अधिकारही होता. समितीने त्या आक्षेपाला सरळ उत्तर दिले असते, तर न्यायालयाला वरातीमागून घोडे दामटावे लागले नसते.

अहवालात कलमवार आक्षेप आहेत, मंत्रालयाचे खुलासेही आहेत. पण बाळापूरच्या किंवा अचलपूरच्या माणसाने पाठवलेला मुद्दा त्यात पोहोचला की नाही, हे त्याला शोधता येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या ग्राहकाने तक्रार नोंदवली की तिला क्रमांक मिळतो. एकसारख्या हजार तक्रारी आल्या तर त्या एका तक्रारीत जोडतात. ती बंद करताना कारण लिहावेच लागते. दुरुस्त केले, करणार नाही, किंवा हा दोष नाही, यांपैकी काहीतरी. कारण न लिहिता तक्रार बंद करणाऱ्याला टीम लीड जाब विचारतो. ‘९७ लाखांना उत्तर कसे देणार?’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. ९७ लाख पत्रे म्हणजे ९७ लाख मुद्दे नव्हेत. मुद्दे वेगळे काढा, क्रमांक द्या, प्रत्येकापुढे कारण लिहा.

हे स्वप्नरंजन नाही. या देशाने ते करून दाखवले आहे. राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर संविधान सभेत चर्चा सुरू झाली ४ नोव्हेंबरला. मधले आठ महिने तो लोकांच्या हाती होता. आलेल्या सूचनांवर घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी कलमवार टिपणे लिहिली. कुठली सूचना का घ्यावी, कुठली का घेऊ नये, याची. डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, मुहम्मद सादुल्ला ज्या समितीत होते, त्या समितीला टंकलेखनयंत्रावर जे जमले ते आज संगणकावर जमत नाही?

म्हणून समित्यांची फेरमांडणी व्हावी. प्रत्येक विधेयक आपोआप समितीकडे जावे, आणि न पाठवायचे असेल तर सरकारने लेखी कारण द्यावे. केरळ विधानसभेत विधेयके विषय समित्यांकडे पाठवण्याची रीत आहे, महाराष्ट्राने ती घ्यावी. आपल्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदलही झाले, जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले. पण तिथेही कुठल्या सूचनेचे काय झाले, हे सूचना करणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. स्थायी समितीची मुदत एक वर्षाऐवजी सभागृहाइतकी असावी, म्हणजे सदस्य विषय शिकेपर्यंत बदलणार नाहीत. साक्षी उघडपणे घ्याव्यात. युरोपीय संसदेच्या समित्यांच्या बैठका बहुतांशी थेट दाखवल्या जातात, त्याने कुणाचे काही बिघडलेले नाही. सूचनांना किमान तीस दिवस द्यावेत. कायद्याचा मसुदा लोकांसमोर इतके दिवस ठेवावा, असे सरकारचेच २०१४ चे धोरण आहे.

बहुमताला कायदा करण्याचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही. पण कारण न सांगण्याचा हक्क बहुमताला नाही.

आता थोडे आपल्या लोकांशी. मित्रहो, एकाच मजकुराचे लाखो ईमेल म्हणजे मशवरा नव्हे. गट नंबर, सात-बारा, नोंदणीची तारीख घेऊन लिहिलेले एक पान समितीला टाळणे अवघड जाते. आणि ‘समित्या म्हणजे नाटक’ म्हणून घरी बसणारे तर सरकारचे काम आणखी सोपे करतात.

सुरुवात दिल्लीतच करायला हवी असे नाही. अमरावती आणि अकोला महापालिकांत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासक होता. नगरसेवक नाहीत, म्हणून समित्याही नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार प्रत्येक प्रभाग समितीवर त्या भागातल्या स्वयंसेवी संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. पाणी, गटार, सफाई आणि प्रभागाच्या खर्चाचे अंदाज हे त्या समितीचे विषय. आपल्या मोहल्ल्यातल्या किती संस्थांनी या जागा मागितल्या? या आठवड्यात आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न लेखी विचारा. आमच्या प्रभाग समितीवर हे तीन सदस्य कोण आहेत? आणि आमच्या तक्रारीला कारणासह लेखी उत्तर किती दिवसांत मिळेल?

पोच घ्यायला विसरू नका.