पीसीबी मुलांनाच कापू द्या, पण करवतीने नको

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आठवी-नववीच्या घराघरांत एकच प्रकार चालतो. सर्किटचा आराखडा मुलगी काढते, आणि बोर्ड कापायची वेळ आली की बाबा पुढे होतात. "हात कापशील, दे इकडे." मग बाल्कनीत हॅकसॉ चालतो, हौशी बाबा असतील तर ग्रायंडर, आणि मुलगी शेजारी उभी राहून बघते. मला हे सगळं उलटं वाटतं. तिला सहज जमणारं काम आपण काढून घेतो आणि जिची खरी काळजी करायची त्या धुळीत तिला उभं करतो.

दुकानात तांब्याचा थर दिलेले बोर्ड मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. फिकट पिवळसर-हिरवट, किंचित आरपार दिसणारा तो ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४. त्यात काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड असतं. तो कोरडा कापला की काचेचे बारीक तुकडे उडतात. अंगाला खाज, डोळ्यांत चुरचुर, घशात खवखव. हे ॲस्बेस्टॉस नव्हे, उगाच घाबरवायचं नाही. पण पोरांनी नाकातोंडात घ्यावी अशीही ही धूळ नाही. रुमाल बांधून ती पुरती अडत नाही. आणि ग्रायंडर तर ती घरभर पसरवतो.

दुसरा तपकिरी, पेपर फिनॉलिक. कागद आणि रेझीनचा, स्वस्त, कापायला मऊ. त्याचा दोष सांगायलाच हवा: सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं तर तांबं उचकटतं. पण शाळेच्या प्रकल्पात एखादी आयसी, चार-पाच रेझिस्टर आणि एलईडी असतात. तेवढ्याला तो भरपूर झाला. (सोल्डरिंगचा हात हलका ठेवायची सवय लागते, हा वरचा फायदा.)

कापायला करवत लागतच नाही. बोर्ड साधारण 1.6 मिलिमीटर जाडीचा असतो. स्टीलची पट्टी घट्ट दाबून धरायची आणि ॲक्रिलिक कापायच्या कटरने एकाच रेषेवर आठ-दहा वेळा ओढायचं. उलट्या बाजूला नेमकी तीच रेषा, तेवढ्याच वेळा. मग रेष टेबलाच्या कडेवर आणून बोर्ड खाली दाबायचा, कडकन तुटतो. पट्टी धरलेली बोटं कटरच्या वाटेत नकोत, एवढ्यासाठी मोठं माणूस शेजारी हवं. शेजारी, जागेवर नव्हे. चर उथळ राहिली तर तुकडा वेडावाकडा मोडतो. मोडू दे, दुसरा कापेल.

तुटलेली कड धारदार असते. ती पाण्याच्या पॉलिश पेपरवर, ओली करूनच घासायची. खालचा चिखल ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. केरसुणी नको, फुंकर तर मुळीच नको.

आता आपल्याबद्दल, शिक्षकांबद्दल. आपण साहित्याच्या यादीत नुसतं "पीसीबी" लिहितो आणि दुकानदार हाताला येईल तो देतो. यंदा "पेपर फिनॉलिक, तपकिरी, एका बाजूला तांबं" असं पूर्ण लिहून द्या. प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसाल तेव्हा "सर्किट कसं चालतं" याच्या आधी "बोर्ड कुणी कापला, कसा कापला" हे विचारा. पाठ केलेलं उत्तर तिथे चालत नाही.