इंजिन समर्थ, पण दुव्यांचे काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटानजीक अमेरिकी हवाई दलाचे ‘ऑस्प्रे’ विमान समुद्रात कोसळून आठ जण मृत्युमुखी पडले. दोष इंजिनाचा नव्हता. गिअरबॉक्समधील एक दंतचक्र तडकले होते, असे तपासात निष्पन्न झाले. त्यानंतर सुमारे तीन महिने ऑस्प्रेचा सारा ताफा जमिनीवरच होता. हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ वर उठणाऱ्या आणि विमानाच्या वेगाने जाणाऱ्या या ‘टिल्टरोटर’चे मर्मस्थान कोठे आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

ऑस्प्रेच्या पंखांच्या दोन्ही टोकांना रोल्स-रॉइसचे प्रत्येकी सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचे टर्बोशाफ्ट इंजिन आहे. याच घराण्यातील इंजिनांवर भारतीय हवाई दलाची सी-१३०जे मालवाहू विमाने उडतात. तेव्हा प्रश्न मूळ इंजिनाच्या कुवतीचा नाही. ऑस्प्रेवर त्याला ज्या परिस्थितीत राबावे लागते, तिचा आहे. उतरताना रोटरबरोबर इंजिनही उभे होते, त्याचा तप्त झोत थेट जमिनीवर आदळतो आणि रोटरने उधळलेली धूळ इंजिनात शिरते. २०१५ मध्ये हवाई बेटांवर अशाच धुळीमुळे एका इंजिनाने दगा दिला आणि दोन मरीन सैनिकांचा बळी गेला.

एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्याने दोन्ही रोटर फिरवावेत, यासाठी पंखातून जोडदांडा नेलेला आहे. मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधील क्लच क्षणभर निसटून पुन्हा झटक्याने पकडला गेला, तर त्या प्रचंड शक्तीचा आघात या साऱ्या साखळीवर होतो. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात हेच घडले आणि पाच मरीन सैनिक ठार झाले.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या बेल कंपनीच्या ‘व्ही-२८०’ या आराखड्यात या अनुभवाचा धडा दिसतो. त्यात इंजिने आडवी आणि स्थिर राहतात. वळतात ते केवळ रोटर. त्यामुळे तप्त झोत जमिनीवर आदळत नाही. परंतु गिअरबॉक्स आणि जोडदांडा यांच्यापासून सुटका याही रचनेत नाही. म्हणूनच नव्या विमानाची खरी कसोटी अश्वशक्तीच्या आकड्यांवर नव्हे, तर ती शक्ती रोटरपर्यंत नेणाऱ्या पोलादी दुव्यांच्या टिकाऊपणावर आणि त्यांच्या काटेकोर तपासणीवर लागणार आहे. सैनिकांचे प्राण या दुव्यांवरच अवलंबून आहेत.