मोठ्या मशीनआधी क्लॅम्प घ्या

फोटो फ्रेमचा धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मायटर सॉ कुठला घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. मशीन साधं चालेल, पण चांगलं ब्लेड, गुण्या आणि क्लॅम्प यांचे पैसे आधी बाजूला काढा.

हिशोब बघा. एका फ्रेमला चार कोपरे, म्हणजे ४५ अंशांचे आठ कट. प्रत्येक कट एकाच बाजूला अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट पडते. गिऱ्हाईकाची नजर बरोबर तिथेच जाते! म्हणून मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापा, जोडा आणि गुण्या लावून बघा.

आता बोटांचं. नुसत्या हाताने धरलेली पट्टी सरकते. कटही बिघडतो आणि हातही ब्लेडकडे ओढला जातो. क्लॅम्प दोन्ही वाचवतो. हात ब्लेडपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. डोळ्यांना चष्मा हवाच, हातमोजे मात्र नकोत, ते ब्लेडमध्ये अडकतात. ब्लेड पूर्ण वेगात आलं की मगच खाली आणा. कट झाला की स्विच सोडा आणि ब्लेड थांबल्यावरच वर उचला.

"क्लॅम्प लावण्यात वेळ जातो" म्हणणारे भेटतील. जातो ना, काही सेकंद. पण सुरुवातीला मालकही तुम्ही आणि कारागीरही तुम्हीच. हाताला बँडेज असेल, तर ऑर्डर कोण पूर्ण करणार? आणि उद्या कामाला ठेवलेला मुलगा तुमचं बघूनच शिकणार आहे.